टूर मॅनेजरांनो, काराकॉयच्या शाळेबद्दलही सांगा

मराठी प्रवाशांना इस्तंबूलला घेऊन जाणाऱ्या सर्व टूर मॅनेजरांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

आधीच सांगते, हे तक्रारीचं पत्र नाही. पहाटे चार वाजता चाळीस जणांच्या बॅगा मोजायच्या, एकाचं जैन जेवण लक्षात ठेवायचं, दुसऱ्याच्या गुडघ्यांसाठी कमी पायऱ्यांचा रस्ता शोधायचा आणि तरी बसमध्ये माईक हातात घेऊन हसतमुखाने बोलायचं, हे काम मला जन्मात जमलं नसतं. मी निवृत्त इतिहास शिक्षिका आहे. चाळीस मुलं मीही सांभाळली, पण ती संध्याकाळी घरी जात.

माझी मागणी एकच आहे. इस्तंबूलच्या बसमध्ये तुम्ही जे सांगता, त्यात एका शाळेची भर घाला: काराकॉय भागातल्या आर्मेनियन, म्हणजे तिथल्या एका जुन्या ख्रिस्ती समाजाच्या, गेट्रोनागान हायस्कूलची.

बसमधलं ते भाषण साधारण असं असतं: हे शहर दोन खंडांत वसलेलं आहे, इथे मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकमेकांना लागून आहेत, सुलतानांच्या काळात सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदत होते. मग दोल्माबाहचे राजवाड्यात साडेचार टनांचं झुंबर दाखवलं जातं, सगळे माना वर करून फोटो काढतात आणि बस पुढे जाते. तो राजवाडा बांधणारे गाराबेद आणि निगोगोस बाल्यान हे आर्मेनियन होते, हे क्वचितच कुणी सांगतं. आणि ज्या समाजाने सुलतानाला राजवाडे बांधून दिले त्याचं पुढे काय झालं, हे तर नाहीच नाही.

ते सांगायला एक सोपी जागा तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर आहे. गालाता टॉवर बघून झाला की उताराने काराकॉयला उतरता ना, बकलावा घ्यायला? तिथे केमेराल्ती नावाचा मोठा रस्ता आहे. त्याच्या बाजूच्या गल्लीत सुर्प क्रिकोर लुसावोरिच हे आर्मेनियन चर्च आहे. त्याचा टोकदार घुमट इतर इमारतींत वेगळा दिसतो. चर्च जुनं, पण इमारत नवी. 1950 च्या दशकात रस्ता रुंद करताना जुनं चर्च पाडलं आणि 1960 च्या दशकात ते पुन्हा बांधलं. त्याला लागून गेट्रोनागान हायस्कूल आहे. म्हणजे मध्यवर्ती शाळा. ती 1886 साली सुरू झाली आणि आजही भरते.

ही शाळा का निघाली, ते बर्लिनपासून सांगावं लागेल. 1878 साली रशिया-तुर्कस्तान युद्ध संपल्यावर युरोपातली बडी राष्ट्रं बर्लिनला जमली. पूर्व अनातोलियातले (अनातोलिया म्हणजे तुर्कस्तानचा आशियातला भाग) आर्मेनियन शेतकरी लुटालुटीने आणि करांनी पिचलेले होते. त्यांच्यासाठी सुधारणा मागायला इस्तंबूलच्या आर्मेनियन धर्मपीठाने एक शिष्टमंडळ पाठवलं. माजी धर्मगुरू ख्रिमियान त्याचे प्रमुख होते आणि तरुण शिक्षक मिनास चेराझ त्यांच्याबरोबर होते. हाती आलं तहातलं एक कलम, 61 वं. सुधारणा करू, एवढंच त्यात होतं, आणि ते कुणी पाळलं नाही. परत आल्यावर ख्रिमियान यांनी प्रवचनात सांगितलेली गोष्ट आर्मेनियन घरांत अजून सांगतात: बर्लिनला हरिसाची, म्हणजे गहू आणि मांसाच्या लापशीची, मोठी कढई मांडली होती, बल्गेरियन, सर्ब वगैरे लोक लोखंडी पळ्या घेऊन आले आणि वाढून घेऊन गेले, माझ्या हातात कागदी अर्जाची पळी होती, ती कढईतच विरघळली.

त्यांचा इशारा शस्त्रांकडे होता, आणि पुढे काही तरुण त्या वाटेने गेलेही. इस्तंबूलमधल्या लोकांनी मात्र त्याच निराशेतून दुसरी गोष्ट केली. धर्मगुरू नर्सेस वारजाबेदियान यांनी एका मोठ्या शाळेची कल्पना मांडली. मोहल्ल्यामोहल्ल्यात चर्चला जोडलेल्या शाळा होत्याच. 1863 साली सुलतानाने मान्य केलेल्या समाजाच्या घटनेनुसार शिक्षणाचा कारभार बघणारं मंडळही होतं. पण या छोट्या शाळांतून बाहेर पडलेल्या हुशार मुलांना पुढचं शिक्षण देणारी, सगळ्या समाजाची अशी एक शाळा नव्हती. वारजाबेदियान 1884 साली वारले, त्यांना ती बघता आली नाही. 1886 मध्ये गालात्यात ती उघडली तेव्हा पहिले मुख्याध्यापक झाले तेच बर्लिनला गेलेले मिनास चेराझ. तीनेक वर्षांत त्यांनाही देश सोडावा लागला. सुलतान अब्दुल हमीदच्या राज्यात असा माणूस शाळेत फार दिवस टिकणं कठीणच होतं.

आता 1915. इथे तुम्हाला अवघड जाईल हे मला माहीत आहे, त्याबद्दल पुढे बोलते. 24 एप्रिलच्या रात्री इस्तंबूलमधल्या दोनशेहून अधिक आर्मेनियन लेखक, संपादक, डॉक्टर, शिक्षक आणि धर्मगुरूंना घरांतून उचललं. त्यांना आधी सुलतानअहमद भागातल्या तुरुंगात ठेवलं, मग हैदरपाशा स्टेशनवरून रेल्वेने अनातोलियात पाठवलं. त्यात दानिएल वारुझान हे मोठे कवी होते, पेरा भागातल्या एका आर्मेनियन शाळेचे मुख्याध्यापक. ऑगस्टमध्ये चांकिरीजवळ त्यांची हत्या झाली. वय 31. त्यानंतर अनातोलियातल्या आर्मेनियन वस्त्याच्या वस्त्या सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेल्या. इतिहासकारांचे आकडे सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. जगातले बहुतेक अभ्यासक याला वंशसंहार म्हणतात, तुर्कस्तान सरकार तो शब्द नाकारतं.

राजधानीतले आर्मेनियन सरसकट हद्दपार झाले नाहीत. परदेशी वकिलाती तिथे होत्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते करणं शक्य नव्हतं. म्हणून काराकॉयची शाळा वाचली. पूर्व अनातोलियातल्या एर्झुरूम शहरातली वाचली नाही. तिथे 1881 साली सानासारियान नावाच्या श्रीमंत माणसाच्या देणगीतून निघालेली सानासारियान शाळा होती, तिची ख्याती गेट्रोनागानपेक्षाही मोठी. 1915 नंतर ना विद्यार्थी उरले ना शिक्षक. 1919 च्या उन्हाळ्यात त्याच रिकाम्या इमारतीत मुस्तफा कमाल (म्हणजे अतातुर्क) यांची एर्झुरूम काँग्रेस, म्हणजे राष्ट्रीय परिषद, भरली, जिला आधुनिक तुर्कस्तानच्या जन्माचा टप्पा मानतात. तुर्की शाळकरी मुलं त्या काँग्रेसची तारीख पाठ करतात. ती कुणाच्या वर्गखोल्यांत भरली, हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

त्या एर्झुरूमच्या शाळेचा खर्च भागावा म्हणून इस्तंबूलच्या सिरकेजी भागात एक मोठी व्यापारी इमारत बांधली होती, सानासारियान हान. तिचं भाडं शाळेला जाई. पुढे सरकारने ती घेतली. तिथे कित्येक वर्षं पोलीस मुख्यालय होतं आणि त्याच्या कोठड्यांमधल्या छळाच्या आठवणी तुर्की लेखकांनीच सांगितल्या आहेत. कवी नाझिम हिकमतही तिथे कैदेत होते. आता तिथे आलिशान हॉटेल आहे. तुमच्या एखाद्या महागड्या ग्रुपची राहण्याची सोय उद्या तिथे होऊ शकते, म्हणून हेही सांगून ठेवते.

युद्धं संपली आणि 24 जुलै 1923 ला तुर्कस्तान आणि विजेत्या राष्ट्रांमध्ये लोझानचा तह झाला. त्याची 37 ते 45 ही कलमं अल्पसंख्याकांसाठी आहेत. 40 वं कलम सांगतं की बिगर-मुस्लिम नागरिकांना स्वखर्चाने शाळा काढायचा, चालवायचा आणि तिथे आपली भाषा वापरायचा हक्क आहे. 41 वं सांगतं की जिथे त्यांची वस्ती मोठी आहे तिथे सरकारने शिक्षणाच्या पैशांतला न्याय्य वाटाही द्यावा. कागदावर झकास आहे. वर्ष उलटायच्या आत, 3 मार्च 1924 ला, सगळं शिक्षण एका मंत्रालयाखाली आणणारा कायदा आला. त्यामागे नव्या प्रजासत्ताकाची खरी गरज होती, मदरशांचं शिक्षण मोडून एक राष्ट्रीय शिक्षण उभं करायचं होतं, हे मला मान्य आहे. पण त्या चौकटीत गेट्रोनागानसारखी शाळा विचित्र जागी अडकली. फी आणि देणग्यांवर चालते म्हणून खाजगी. मुख्याध्यापक समाजाचा, पण उपमुख्याध्यापक मंत्रालयाचा माणूस, ज्याला तिथे सरळ ‘तुर्की उपमुख्याध्यापक’ म्हणतात. गणित आणि विज्ञान आर्मेनियन भाषेत शिकवता येतं, पण तुर्की भाषा, इतिहास आणि भूगोल सरकारने नेमलेले शिक्षक तुर्कीत शिकवतात. आर्मेनियन इतिहास नावाचा विषय वेळापत्रकात नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपते. दीडशे वर्षांकडे चाललेल्या शाळेत स्वतःच्याच शाळेचा इतिहास वर्गात शिकवता येत नाही. तो घरी, चर्चच्या अंगणात, माजी विद्यार्थ्यांच्या गायनाच्या तालमीत शिकायचा.

पुढच्या वर्षांची यादी मी भरभर सांगते, कारण बसमध्ये तुम्हालाही भरभरच सांगावी लागेल. नोव्हेंबर 1942: संपत्ती कर, वार्लिक वेर्गिसी. नावाला सगळ्यांवर, पण बिगर-मुस्लिमांवर कित्येक पटींनी जास्त आकारणी. भरता न आलेल्यांना एर्झुरूमजवळच्या आश्कालेच्या बर्फात दगड फोडायला पाठवलं. शाळेला देणग्या देणारे व्यापारी त्यात धुतले गेले. मार्च 1944 मध्ये कर रद्द झाला, दुकानं परत मिळाली नाहीत. सप्टेंबर 1955, 6 आणि 7 तारीख: सायप्रसच्या वादावरून जमावाने ग्रीकांची दुकानं, घरं, चर्च, शाळा फोडल्या आणि हात लागला तिथे आर्मेनियन आणि ज्यू लोकांचीही. ज्या इस्तिकलाल रस्त्यावर तुमचे प्रवासी आइस्क्रीमवाल्याच्या गमती बघत उभे असतात, तो 7 तारखेच्या सकाळी फुटलेल्या काचांनी आणि कापडाच्या ताग्यांनी झाकला होता.

इथे मात्र जरा थांबते, कारण शाळा बंद पाडायची सर्वात शांत पद्धत कोर्टाची आहे. 1936 साली सरकारने सगळ्या धर्मादाय संस्थांकडून आपापल्या मालमत्तेची यादी मागवली. त्यांनी ती दिली. मग अनेक दशकं त्या कागदाकडे कुणी पाहिलं नाही. समाजातली निपुत्रिक म्हातारी माणसं आपलं घर शाळेला, इस्पितळाला ठेवून जात राहिली. आणि 1974 मध्ये, सायप्रसच्या युद्धाच्या वर्षी, तिथल्या सर्वोच्च अपील कोर्टाने ठरवलं की 1936 ची ती यादी म्हणजेच संस्थेची घटना. तिच्यात नवी मालमत्ता घेण्याचा अधिकार लिहिलेला नाही, सबब त्यानंतर मिळालेलं सगळं बेकायदा. निकालात या नागरिकांचा उल्लेख ‘तुर्क नसलेले’ असा होता. मग इमारती एकेक करून सरकारकडे किंवा मूळ मालकांच्या वारसांकडे गेल्या. 1962 साली पैसे मोजून घेतलेल्या इस्तंबूलच्या टोकाच्या तुझला इथल्या जागेवर आर्मेनियन अनाथ मुलांनी स्वतः खपून उन्हाळी वसतिगृह उभं केलं होतं. तेही याच निकालाच्या आधारे गेलं. लोकांनी दाद मागितली, आणि 2007 साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने इस्तंबूलमधल्याच एका ग्रीक शाळेच्या खटल्यात तुर्कस्तानला चूक ठरवलं. 2008 आणि 2011 मध्ये कायदे बदलले, काही मालमत्ता परत मिळाल्या. 2015 साली तुझलाच्या कॅम्पवर बुलडोझर आला तेव्हा तरुण मुलं तिथे महिनोन् महिने तळ ठोकून बसली, आणि जागा संस्थेच्या नावावर झाली. त्या तरुणांत तुर्क आणि कुर्द मुलंही होती. हेही सांगा. नाहीतर प्रवासी प्रत्येक तुर्काकडे संशयाने बघत हॉटेलवर जातील, आणि ते खरं नाही.

शाळेत कोण शिकलं, हे तर लोकांना ऐकायला आवडेलच. इस्तंबूलच्या कॅफेंत भिंतीवर काळेपांढरे फोटो असतात: धुक्यातली बोट, बर्फातली ट्राम, गालाता पुलावरचे कोळी. पोस्टकार्डांवरही तेच. ते आरा ग्युलेर यांचे, गेट्रोनागानचे माजी विद्यार्थी. 2018 मध्ये नव्वदीत वारले. जगाने इस्तंबूल ज्या डोळ्यांनी पाहिलं ते या शाळेतून बाहेर पडले.

दुसरे मिगिर्दिच मार्गोस्यान. 1938 साली आग्नेय तुर्कस्तानातल्या दियारबाकिरमध्ये जन्मले. 1915 नंतरही तिथे मूठभर आर्मेनियन कुटुंबं उरली होती, पण शाळा एकही नाही. घरात कुर्दी, रस्त्यावर तुर्की, आणि आर्मेनियन फक्त चर्चमधल्या प्रार्थनेपुरती. धर्मपीठाने अनातोलियातल्या अशा मुलांना शोधून इस्तंबूलला आणायला सुरुवात केली, 1953 मध्ये उस्क्युदारला त्यांच्यासाठी सुर्प हाच तिब्रेवांक नावाची निवासी शाळाही काढली. मार्गोस्यान असेच आले, आपली भाषा शहरात येऊन शिकले, गेट्रोनागानमधून बाहेर पडले आणि पुढे तिब्रेवांकचे मुख्याध्यापक झाले. आपल्या गावच्या मोहल्ल्याच्या कथा त्यांनी आधी त्या उशिरा शिकलेल्या भाषेत लिहिल्या, मग तुर्कीत. तुर्की वाचकांनी त्या डोक्यावर घेतल्या. 2022 मध्ये ते गेले.

तिब्रेवांकमध्येच शिकलेला एक मुलगा ह्रांत दिंक. तुझलाचा कॅम्प बांधणाऱ्यांतला तो एक. 1996 मध्ये त्याने ‘आगोस’ हे तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांतलं साप्ताहिक काढलं, ‘तुर्कपणाचा अपमान’ या कलमाखाली शिक्षा झाली, आणि 19 जानेवारी 2007 ला कार्यालयाच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेला लाखभर माणसं आली. बहुतेक तुर्कच होती.

आजचं काय, असं कुणी विचारलंच तर सांगा की इस्तंबूलमध्ये सोळा आर्मेनियन शाळा आहेत आणि त्यांत मिळून साधारण तीन हजार मुलं. हायस्कुलं पाच. मात्र हवं त्याला प्रवेश मिळत नाही, समाजाचे आहोत हे दाखवावं लागतं. 2013 मध्ये एका आईला आपलं मूल आर्मेनियन बालवाडीत घालायचं होतं, तेव्हा शिक्षण खात्याच्या पत्रातून बाहेर आलं की सरकारी दप्तरात प्रत्येक अल्पसंख्याकासमोर गुप्त आकडा आहे. ग्रीकांना 1, आर्मेनियनांना 2, ज्यूंना 3. उलट, आर्मेनिया देशातून कामासाठी आलेल्या बायकांची मुलं वर्गात बसू शकतात, 2011 पासून, पण ‘पाहुणे विद्यार्थी’ म्हणून. बाराही वर्षं अभ्यास केला तरी पदवी, दाखला काही नाही. पाहुणचाराचा हा प्रकार आपल्या प्रवाशांना नक्की आवडणार नाही.

आता तुमची अडचण. तुर्कस्तानात स्थळांवर माहिती सांगायला परवानाधारक स्थानिक गाईडच लागतो, तुम्ही नाही. आणि त्या गाईडला 1915 बद्दल भर रस्त्यात बोलायला लावणं अन्यायाचं आहे. त्याला तिथेच राहायचं आणि पोट भरायचं आहे. त्यामुळे त्याला विचारूच नका. विमानतळावरून हॉटेलला जाताना, किंवा कॅपाडोकियाच्या लांबलचक प्रवासात अंताक्षरी संपली की, तुम्ही मराठीत सांगा. गाईड पुढच्या सीटवर झोपलेला असतो. ‘सहलीत राजकारण नको’ असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. ऑटोमन काळातल्या सलोख्याची गोष्ट हेही राजकारणच आहे, फक्त गोड.

आणि दोन-तीन गोष्टी शिक्षिका म्हणून बजावते. शाळेच्या दारात ग्रुप घेऊन उभं राहू नका. दारावर पहारा असतो, कारण तसे प्रसंग त्यांच्यावर आलेले आहेत. मुलांचे फोटो कुणालाही काढू देऊ नका, मुलं कितीही गोड दिसली तरी. आत नेता का म्हणून गयावया करू नका. केमेराल्तीच्या पदपथावरून चर्चचा घुमट दाखवा, शाळा त्याला लागून आहे एवढं सांगा आणि बकलाव्याकडे वळा. चर्च रविवारी प्रार्थनेला उघडं असतं. कुणाला खरोखर रस असेल तर त्याने डोक्यावरची टोपी काढून, मागच्या बाकावर गप्प बसून यावं.

कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीचीच जागा असेल तर ही ओळ वापरा: ‘काराकॉय, गेट्रोनागान आर्मेनियन हायस्कूल, स्थापना 1886, बाहेरून.’ तुमच्या कंपनीच्या कचेरीतून विचारतील हे काय नवीन. त्यांना हे पत्र पाठवा.

आपली,
डोंबिवलीची एक निवृत्त इतिहास शिक्षिका